मुलींच्या शिक्षेसाठी

"गाडी मीच चालवणार," असं म्हणत अलकाताईंनी कर्णिकांच्या बशीत आणखी एक थालीपीठ वाढलं. कुणी नाही म्हणण्याची शक्यता असेल, तर त्याचं तोंड आधी भरलेलं असावं, हे त्या मंत्रालयातल्या नोकरीत शिकल्या होत्या. सहसचिवांच्या खोलीत फाइल नेतानाही त्या चहा आत गेल्याची खात्री करून घ्यायच्या.

कर्णिक म्हणजे नोएडाच्या 'स्नेहवर्धन' मराठी मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी घास गिळला, पाणी प्यायलं आणि मग धीर केला. "ताई, कल्पना तुमची, गाडी तुमची, मान तुमचा. पण दिल्ली ते लंडन म्हणजे काही सरोजिनी नगरची भाजी आणणं नव्हे. धीरज चालवेल. तुम्ही इथे झेंडा दाखवा, आणि गाडी पोचायच्या दिवशी विमानाने लंडनला या. नऊवारीत गाडीशेजारी उभ्या राहा. काय फोटो येईल!"

"म्हणजे गाडी धीरज नेणार, आणि मी लुगडं नेसणार."

धीरज सोफ्याच्या कडेवर अवघडून बसला होता. तो मूळचा पुण्याचा, नोकरी गुडगावला, आणि सुट्टीत मोटारींच्या शर्यती. "काकू, मला शेजारी बसून नकाशा बघायलाही चालेल," तो हळूच म्हणाला. कर्णिकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पुढचं वाक्य थालीपिठाबरोबर खाऊन टाकलं.

आता अलकाताईंचा मुलगा जयदीप सरसावला. "आई, जरा प्रॅक्टिकल हो ना. तुझं वय बहात्तर. तिबेटमध्ये रस्ता पाच हजार मीटरवरून जातो. तिथे ऑक्सिजन नसतो."

"तुझ्या गुडगावला दिवाळीनंतर कुठे असतो?"

जयदीपची मुलगी वल्लरी खो खो हसली. "आजी, यू आर टू गुड यार!"

कल्पना अलकाताईंचीच होती, हे खरं. पानिपतच्या बाजूच्या एका गावात मंडळाने शाळेला संगणक दिले होते, तेव्हा त्या गेल्या होत्या. दहावीतल्या एका चुणचुणीत मुलीला त्यांनी विचारलं होतं, "आगे क्या करोगी?" मुलगी म्हणाली, "आगे तो जी, बस ही नहीं है." त्यांना आधी वाटलं, ती म्हणते पुढे काहीच नाही. मग कळलं, ती खरोखरच्या बसबद्दल बोलत होती. कॉलेज लांब, फटफटीवरून सोडायला भावांना वेळ नाही, बस नाही. म्हणून गावातल्या मुली दहावीनंतर घरी. घरी आल्यावर अलकाताईंनी जाहीर केलं: त्या मुलींसाठी एक बस घ्यायची, आणि तिच्यासाठी वडिलांची फियाट लंडनपर्यंत न्यायची. माणसं नुसती मदत मागितली तर दार लावतात, पण तमाशा असला तर खिडकीत येतात.

फियाट एकोणीसशे सहासष्टची, दुधावरच्या सायीच्या रंगाची. दिल्लीत पेट्रोलवरच्या गाड्यांना पंधराव्या वर्षी घरी बसवतात; पण पन्नाशी उलटली की तीच गाडी 'व्हिंटेज' म्हणून पुन्हा मानाने रस्त्यावर येते. अलकाताईंना हा नियम फार आवडायचा. माणसांनाही तो लागू करावा, असं त्यांचं मत होतं.

शेवटी कर्णिकांनीच तोड काढली. संक्रांतीला मंडळ दरवर्षी पानिपतला जातं, काला अंबच्या स्मारकापाशी, लढाईत पडलेल्यांना नमस्कार करायला. यंदा अलकाताईंनी फियाट तिथवर चालवत न्यायची. "जाऊन येईपर्यंत एकही गडबड झाली नाही, तर लंडनपर्यंत स्टिअरिंग तुमचं. एक जरी झाली, तर धीरजचं. मंजूर?"

"मंजूर," अलकाताई म्हणाल्या. "आणि परत येताना तुम्ही माझ्या गाडीत मागे बसायचं. तोंडाने हॉर्न न वाजवता."

मग महिनाभर फियाटचं लाड-कौतुक चाललं. करोल बागेतल्या गॅरेजच्या गल्लीत अलकाताई स्वतः खुर्ची टाकून बसायच्या. ब्रेक नवे झाले, रेडिएटर साफ झाला, पितळी पट्टी चकाकली. दारावर काय लिहायचं, हे काम वल्लरीने मागून घेतलं. ती डिझाइन शिकत होती आणि तिचा हात सुरेख होता. मराठीचं म्हणाल, तर ती दिल्लीत जन्मलेल्या पोरांची मराठी होती. घरी आजीशी बोलण्यापुरती. "आजी, हेलपाटा मतलब?" "आजी, ओशाळणं म्हणजे शाय होणं ना?" अलकाताई न कंटाळता सांगायच्या. मंडळाच्या स्मरणिकेत कुणी 'मदत केली गेली' असं लिहिलं तर त्या फोन करून 'मदत केली' करून घ्यायच्या. सगळ्या दिल्लीत मराठीचं शुद्धलेखन त्यांच्या एकटीच्या खांद्यावर आहे, अशी त्यांची समजूत होती आणि इतरांनीही ती कधी मोडली नव्हती.

संक्रांतीच्या आदल्या संध्याकाळी वल्लरीने त्यांना खाली बोलावलं. डाव्या दारावर निळ्या रंगात ठसठशीत दोन ओळी होत्या: दिल्ली ते लंडन, आणि खाली, मुलींच्या शिक्षेसाठी. त्याखाली बारीक अक्षरात मंडळाचं नाव. अलकाताईंनी चष्मा पुसला, दोनदा वाचलं. "सुरेख! वेलांट्या काय डौलदार काढल्यास गं." सोसायटीचा पहारेकरी आला, त्यानेही मोठ्याने वाचलं आणि म्हणाला, "बहुत नेक काम है, माताजी."

सकाळी दिल्लीवर धुकं असं पसरलं होतं की समोरच्या इमारतीचा फक्त गच्चीवरचा दिवा दिसत होता. रात्री मुक्कामाला आलेला जयदीप मफलर गुंडाळून खाली आला, तो आईला थांबवायला. पण अलकाताई कधीच आत बसल्या होत्या. त्यांनी चोक ओढला, पायाने दोनदा हलकेच पेट्रोल दिलं, किल्ली फिरवली. फियाट खोकली, खाकरली आणि सुरू झाली.

"आजोबांसारखीच उठते," अलकाताई म्हणाल्या. आजोबा म्हणजे त्यांचे वडील, शांताराम. ते कृषी भवनात होते. बदली होऊन निघालेल्या एका साहेबाकडून त्यांनी ही गाडी घेतली, तेव्हा सरोजिनी नगरच्या त्या रांगेतल्या क्वार्टरांमध्ये दुसरी मोटार नव्हती. अशोकरावांना, म्हणजे अलकाताईंच्या यजमानांना, मोटारीतलं हॉर्नपलीकडे काही कळलं नाही. ते शेजारी बसून आयुष्यभर सुखाने पेपर वाचत आले, आणि तसे ते चांगलेच होते.

धीरज शेजारी बसला, वल्लरी मागे. काचेवर आतून वाफ धरू लागली तशी अलकाताईंनी कप्प्यातून बटाट्याची फोड काढून धीरजच्या हातात दिली. "घास काचेवर."

"काकू, सीरियसली?"

"घास तर खरं."

धीरजने घासली. काच स्वच्छ राहिली. "लिहून ठेवतो," तो म्हणाला. "रशियात बटाटे मिळतीलच."

वाटेतलं ढाब्यांचं मुरथळ येईपर्यंत उजाडलं. मागून येणाऱ्या गाड्या वेग कमी करून बघायच्या, हात करायच्या. अलकाताईंची पाठ ताठ होती, आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर त्या पळीने कढी ढवळावी तसा सहज टाकत होत्या. एकदा एक ट्रक अंगावर आला, तेव्हा धीरजचा पाय नसलेल्या ब्रेकवर गेला. अलकाताईंनी गाडी नुसती अलगद बाजूला घेतली. "तुझा ब्रेक छान लागतो," त्या म्हणाल्या. धीरज लाजून हसला. पानिपत आलं तेव्हा त्याच्या मनात कसलीच शंका उरली नव्हती.

काला अंबला ही गर्दी होती. भगवे झेंडे, ढोल, कराड-साताऱ्याहून बस करून आलेली माणसं, फेटे बांधलेली पोरं. अलकाताईंनी गाडी बाहेरच्या मोकळ्या जागेत लावली. माणसं जमली, फोन वर झाले. आणि मग एका फेटेवाल्याने दारावरचं मोठ्याने वाचलं.

"मुलींच्या... शिक्षेसाठी?"

मग असा हशा उसळला की ढोलवाल्यांनी हात थांबवला.

"आजी, पोरींनी केलंय काय एवढं?"

"लंडनला नेऊन शिक्षा! इथे जागा नाही का?"

"उठाबशा काढायला लावणार का हो तिकडच्या राणीच्या दारात?"

अलकाताईंनी दाराकडे पाहिलं आणि त्यांच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. शिक्षा! हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. आपल्यात शिक्षा म्हणजे छडी, अंगठे धरणं, वर्गाबाहेर उभं राहणं. पोरीने हिंदीतला शब्द उचलून त्याला मराठी प्रत्यय लावला होता. आणि आपण, सगळ्या दिल्लीची मराठी तपासणाऱ्या, चष्मा पुसून दोनदा वाचून वेलांट्यांचं कौतुक केलं! इतकी वर्षं दिल्लीचं पाणी प्यायलो, ते डोळ्यांतही शिरलं म्हणायचं.

वल्लरीला अजून कळलं नव्हतं. "आजी, का हसतायत सगळे? स्पेलिंग तो सही है." धीरजने तिच्या कानात सांगितलं तशी ती ओठ चावत गाडीमागे गेली.

कर्णिक मंडळाच्या बसमधून उतरून गर्दी कापत आले. त्यांचा चेहरा उतरला होता. "ताई, आख्ख्या महाराष्ट्रात व्हिडिओ जाणार हा. मंडळाचं नाव आहे खाली." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "आणि ठरलं होतं तुम्हाला आठवत असेल. एक जरी गडबड झाली तर. मला वाईट वाटतंय, पण किल्ली धीरजकडे द्या. परत तो नेईल, आणि पुढेही तोच."

अलकाताईंच्या मुठीत किल्ली होती. मूठ त्यांनी उघडली नाही.

तेवढ्यात गर्दीतून एक बाई पुढे आल्या. ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा, खांद्यावर घट्ट लपेटलेली शाल, हातात तिळगुळाचा डबा. त्यांच्याभोवतीची मंडळी आपोआप गप्प झाली, यावरूनच कळलं की त्या कुठल्या तरी शाळेत मुख्याध्यापिका होत्या. कराडहून आलेली बायकांची सगळी बस त्यांच्या माजी विद्यार्थिनींचीच होती.

"कुणी लिहिलं हे?" बाईंनी दाराकडे बोट करून विचारलं.

वल्लरी गाडीमागून अर्धी पुढे आली. अलकाताईंनी तिला हाताने आपल्याजवळ ओढलं.

"लिहिलं हिने, माझ्या नातीने. तपासलं मी. लिहिणाऱ्यापेक्षा तपासणाऱ्याची चूक मोठी."

"बरोबर," बाई म्हणाल्या. "मग शिक्षा तुम्हाला व्हायला हवी."

"ती मला आधीच होऊन गेली आहे. एकोणसत्तर साली, ह्याच गाडीत."

बाईंनी डबा शेजारणीकडे दिला. "सांगा."

आणि अलकाताईंनी सांगितलं. त्यांचा आवाज मंत्रालयात घडलेला होता, लाउडस्पीकर लागत नसे.

"मी सोळा वर्षांची होते. वडील ऑफिसात, गाडी दारात, किल्ली खुंटीला. त्यांचं बघून बघून मला वाटायचं, मला येतं. घेतली आणि निघाले. सरोजिनी नगरच्या मार्केटपर्यंत गेले राणीसारखी. तिथे दूध केंद्राच्या कठड्याला नेऊन धडकवली. दुधाच्या रांगेतल्या सगळ्या बाया आईच्या ओळखीच्या! कुणीतरी वडिलांना फोन केला. ते बसने आले. गाडीला फेरी मारली, दिवा फुटला होता तो पाहिला, कठड्याचं नुकसान विचारून घेतलं. मी उतरून बाजूला उभी होते. म्हटलं, आता मार बसणार, आणि मग हे गाडी घेऊन जाणार.

"ते डाव्या बाजूला जाऊन बसले. म्हणाले, बस. चालव. मी म्हटलं, बाबा, मला नाही येत. ते म्हणाले, ते दिसतंच आहे. पण नेलीस तू, परत आणायचीही तूच. मध्ये चूक झाली म्हणून कुणी जागा बदलत नाही.

"मी रडत रडत चालवली. गाडी आचके देत होती आणि सगळ्या गॅलऱ्यांत माणसं! त्या रस्त्याइतकी लांब वाट मी पुन्हा पाहिली नाही. तीच माझी शिक्षा. पुढच्या रविवारपासून त्यांनी मला रीतसर शिकवलं. पण खरं सांगू का, गाडी मी त्या दिवशीच शिकले. त्या कठड्यापासून घरापर्यंत."

कुणी हसलं नाही. फेटेवाला पोरगा फोन खाली करायचा विसरला होता.

बाईंनी कर्णिकांकडे वळून विचारलं, "आणि आता गाडी कोण हाकणार म्हणता?"

"हा धीरज," कर्णिक म्हणाले. "रॅली ड्रायव्हर आहे. तसं आमचं ठरलं होतं, की गडबड झाली तर..."

"ह्याने काय केलंय? चूक त्यांची, आणि शिक्षा ह्याला?"

पुन्हा हशा झाला, पण आता तो अलकाताईंच्या बाजूने होता. बाईंनी मग एकीला हाक मारली, "करंडा आण गं." हळदी-कुंकवाचा करंडा आला. दारावर धुक्याचं दव अजून ओलं होतं. बाईंनी बोट कुंकवात बुडवलं आणि 'शिक्षेसाठी'वर एक सरळ आडवी रेघ मारली. मग जरा वाकून, त्याच्या वर बारीक पण स्वच्छ अक्षरात लिहिलं: शिक्षणासाठी. अगदी वहीत लाल शाईने लिहावं तसं.

"पुसू नका ते खालचं," त्या वल्लरीला म्हणाल्या. "चूक दिसली पाहिजे आणि दुरुस्तीही. आमच्या शाळेत खाडाखोड चालते, खोडरबर नाही." मग डब्यातला तिळगूळ तिच्या हातावर ठेवला. "गोड बोल. आणि मराठीत बोल. चुकलीस तरी बोल." त्यांनी अलकाताईंकडे पाहिलं. "बससाठी माझी पहिली वर्गणी. पण अट आहे. गाडी तुम्हीच नेणार असाल तर."

कर्णिकांनी काही म्हणण्याआधीच धीरज गाडीला वळसा घालून डाव्या दाराशी गेला, कुंकू पुसणार नाही इतक्या बेताने दार उघडलं आणि आपल्या जागेवर बसला. "काकू, निघायचं? धुकं पुन्हा उतरेल. बटाटा तयार आहे."

कर्णिकांनी मंडळाच्या बसला पुढे जायची खूण केली. मग मागचं दार उघडून निमूट आत बसले. मुरथळपर्यंत त्यांनी तोंडाने एकदाही हॉर्न वाजवला नाही. मुरथळला पराठा खाताना धीरजने ट्रकची गोष्ट सांगितली, तेव्हा मात्र म्हणाले, "ताई, त्या ट्रकच्या वेळी मी असतो तर ओरडलो असतो."

"म्हणून तर जाताना तुम्हाला घेतलं नाही," अलकाताई म्हणाल्या.

व्हिडिओ खरंच सगळ्या महाराष्ट्रात गेला. आधी हसण्यासाठी, मग त्या कठड्याच्या गोष्टीसाठी. ज्यांनी थट्टा केली त्यांनीच हात सैल सोडले. जयदीपने तो ऑफिसात कुणाच्या तरी फोनवर पाहिला. संध्याकाळी तो आईकडे आला, खाली गेला आणि बराच वेळ फियाटच्या दारापाशी उभा राहिला. वर येऊन त्याने एवढंच विचारलं, "मला का नाही शिकवलीस ही चालवायला?"

"तू किल्ली कधी चोरलीस?" अलकाताई म्हणाल्या.

वल्लरीने कुंकवाच्या रेघेवरून तशाच लाल रंगाचा हात फिरवला, पावसात जाऊ नये म्हणून. अक्षर बाईंचंच ठेवलं.

एप्रिलमध्ये गाडी निघाली; शेजारी धीरज, मागे वल्लरी. कर्णिकांना इंडिया गेट हवं होतं, पण अलकाताईंनी सरोजिनी नगर धरलं. जुनी क्वार्टरं आता उरली नव्हती. तिथे उंच टॉवर उभे होते, कठडा कुठे होता तेही नेमकं सांगता येईना. त्यांनी अंदाजाने एक जागा ठरवली आणि तिथून पहिला गिअर टाकला. नेपाळ, तिबेट, मध्य आशियातली कुरणं, कॉकेशसचे घाट. पाच हजार मीटरवर फियाटला दम लागला. अलकाताईंनाही लागला. दोघी थोडा वेळ थांबल्या आणि पुन्हा निघाल्या. किरगिझस्तानच्या नाक्यावर एका अधिकाऱ्याने दारावरच्या खोडलेल्या शब्दाकडे बोट करून विचारलं, हे काय? वल्लरीने हातवारे करून छडी दाखवली, मग पुस्तक दाखवलं. तो इतका हसला की त्याने लगेच बायकोला फोन लावून ते सांगितलं. इस्तंबूलच्या पुलावर, आशिया संपून युरोप लागतो तिथे, जयदीपचा निरोप आला. बस गावात पोचली होती. फोटोत ती चुणचुणीत मुलगी पहिल्या पायरीवर उभी होती.

लंडनला पोचले त्या संध्याकाळी तिथल्या मराठी मंडळींनी स्वागत केलं, हार घातले. अलकाताई नऊवारी नेसल्या, कारण कर्णिकांचा शब्द मोडायचा नव्हता. फोटो झाले. मग दिल्लीहून कर्णिकांचा फोन आला. त्यांचा आवाज आनंदाने फुटत होता.

"ताई, कमाल! आता तुम्ही तिघं आराम करा. विमानाची तिकिटं बघतोय. आणि गाडी जहाजाने परत आणायची चौकशी करून ठेवली आहे."

अलकाताईंनी फोन कानाशी धरून फियाटकडे पाहिलं. दारावर अर्ध्या जगाची धूळ बसली होती, त्यातूनही लाल रेघ दिसत होती. धीरज बॉनेट उघडून वाकला होता आणि वल्लरी त्याला विचारत होती, "ए, 'हाकणे' म्हणजे ड्राइव्ह करणं ना?"

"कर्णिक," अलकाताई म्हणाल्या, "जहाज कशाला? नेली कुणी?"

पलीकडे कर्णिक हसू लागले.

"बटाटे घ्या बरोबर," ते म्हणाले.